डावीकडे झुकणारा फवारा

गड्डम सर एकदा अर्धीच दाढी करून कॉलेजात आले. उजवा गाल गुळगुळीत, डावा आठवड्याभराचा. पहिला तास त्यांनी तसाच घेतला. मुलं गप्प बसली, पण गड्डम सरांच्या तासाला मुलं एरवीही गप्पच बसतात. स्टाफरूममध्ये आल्यावर मी त्यांना म्हटलं, "सर, एक गाल राहिलाय." त्यांनी दोन्ही गालांवरून हात फिरवून खात्री करून घेतली आणि शांतपणे म्हणाले, "राहू दे की. एक बाजू केली. बाकी सिमेट्री आहे."

सोलापुरातल्या या इंजिनिअरिंग कॉलेजात मी कम्युनिकेशन स्किल्स शिकवतो. म्हणजे मराठीत गप्प बसणाऱ्या मुलांना इंग्रजीत गप्प बसायला शिकवतो. मेकॅनिकलवाले माझ्या विषयाला विषय मानत नाहीत आणि मी त्यांना माणसांत धरत नाही, त्यामुळे आमचं बरं चाललेलं असतं. गड्डम सर मेकॅनिकलचे असूनही माझे मित्र झाले ते त्यांच्या पीएचडीच्या प्रबंधामुळे. त्याचं इंग्रजी तपासायला म्हणून पहिला भाग माझ्याकडे आला तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते.

प्रबंधाचा विषय होता, विद्युतभारित इंधन फवारणाऱ्या नोझलचं संख्यात्मक प्रतिमान. हे मराठीत जितकं भीतीदायक वाटतं तितकंच इंग्रजीतही वाटतं, हे मी दोन्ही भाषांचा पगारी माणूस म्हणून सांगतो. सरांनी मला ते कँटीनमध्ये समजावलं. समोर कडक भाकरी आणि शेंगांची चटणी होती.

"डिझेल जळायचं तर आधी फुटायला पाहिजे," सर म्हणाले. "थेंब जितका बारीक तितकं नीट जळतंय. मोठा राहिला की धूर. सगळे लोक प्रेशर देऊन फोडतात. आम्ही काय करतो, नोझलमध्ये एक सुई ठेवतो, तिला हाय व्होल्टेज देतो. जाता जाता प्रत्येक थेंबाला चार्ज मिळतो. सगळ्यांना सारखाच. आणि सारखा चार्ज असलेले दोघं एकमेकांजवळ थांबत नाहीत."

"एकाच डिपार्टमेंटमधल्या दोन प्रोफेसरांसारखे," मी म्हणालो.

"तसंच. लांब पळतात, पळता पळता आणखी फुटतात." मग त्यांनी ताटातली चटणी बोटानं पसरली. "आता हे कॉम्प्युटरवर बघायचं. सगळ्या जागेचे असे बारीक बारीक कण करायचे. प्रत्येक कणाला विचारायचं, तुझ्याकडं डिझेल किती, चार्ज किती, वेग किती. तो म्हणतो, शेजाऱ्याला विचारून सांगतो. शेजारी त्याच्या शेजाऱ्याला विचारतो. असं फिरत राहायचं, उत्तर बदलायचं थांबेपर्यंत. थांबलं की कन्व्हर्ज झालं."

"आणि नाही थांबलं तर?"

"आमचं नाहीच थांबत," सर म्हणाले आणि चटणी खाऊन टाकली.

सगळी जागा हिशेबात घ्यायची तर कॉम्प्युटर मान टाकतो. म्हणून या लोकांची एक युक्ती असते. फवारा गोल आहे, सगळीकडून सारखाच आहे, मग कलिंगडाची कापावी तशी त्याची एक फोड कापायची. तेवढीच सोडवायची. राहिलेलं सगळं कलिंगड तसंच आहे असं समजायचं. याला सिमेट्री धरणं म्हणतात. बाकीचे लोक हे कॉम्प्युटरपुरतं करतात. गड्डम सरांनी ते अंगी लावून घेतलं होतं.

भाकरीचा चतकोर खाऊन ते उठत. सिनेमा मध्यंतरापर्यंत पाहत. वर्तमानपत्राचं पहिलं पान वाचून घडी घालत. एका सत्रपरीक्षेत त्यांनी प्रत्येक पेपरातला एकच प्रश्न तपासला आणि त्यावरून बाकीचे मार्क दिले. मुलांनी तक्रार केली, फेरतपासणी झाली, आणि एकाचाही मार्क हलला नाही. मुलं त्यावर जास्तच चिडली. प्राचार्यांनी सरांना तासभर झापायला म्हणून बोलावलं. सर पंधरा मिनिटांनी उठून बाहेर आले, आणि का आलात म्हणून आम्ही विचारलं तेव्हा काय म्हणाले ते वेगळं सांगायला नको.

फवारा हा त्यांचा दुसरा नाद. एका सहकाऱ्याच्या लग्नात आम्ही आत जाण्यासाठी रांगेत उभे होतो. दारात एक मुलगी गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडत होती. सरांनी खिशातून काळा रुमाल काढला, पसरला आणि म्हणाले, "यावर मार की." तिनं मारलं. सरांनी रुमाल उजेडात धरला. "थेंब मोठे पडतायत. भोक झिजलंय तुझ्या दाणीचं. जरा तिरकी धर. आता मार." मागे पाहुणे खोळंबले होते, त्यात नवऱ्या मुलाचे मामा होते. मामांनी हे कोण म्हणून विचारलं. मी सरांना ओळखत नसल्यासारखा अक्षतांकडे पाहत राहिलो.

सरांचं स्वतःचं लग्न झालेलं नाही. स्थळं येत होती. भवानी पेठेत त्यांचं स्वतःचं दोन खोल्यांचं घर आहे, कायमची नोकरी आहे आणि दोन्ही गालांची दाढी झालेली असली तर माणूस दिसायला चांगला आहे. पण सर कुठल्याही गोष्टीत आधी बाऊंड्री कंडिशन सांगतात. म्हणजे कडेला काय पक्कं आहे, काय हलणार नाही, ते. त्याशिवाय गणित सुरूच होत नाही म्हणे. तर मुलीकडचे विचारत, घरी कोण कोण असतं? सर सांगत, "नायना." आणखी? "नायनाच. ते माझ्याबरोबर असतात. मी जिथं असेन तिथं." मुलीकडचे चहा संपवून जात.

नायना म्हणजे तेलुगूत वडील. सरांचे वडील आयुष्यभर मिलमध्ये मागावर होते. मिल बंद पडून जमाना झाला, सरांची आई जाऊनही बरीच वर्षं झाली. त्यानंतर नायनांच्या डोक्यातून एकेक गोष्ट उतरत गेली. मुलीचं नाव गेलं, मराठी गेलं, मिल बंद पडली हे गेलं. मिल मात्र राहिली. सर नजरेआड झाले की नायना उठत आणि पाळीला उशीर झाला म्हणून मिलच्या गेटकडे चालू लागत. दोनदा त्यांना गेटवरून परत आणावं लागलं होतं. शेजारी किती दिवस लक्ष ठेवणार? म्हणून सर त्यांना रोज स्कूटरवर मागे बसवून कॉलेजात आणत. स्वच्छ पांढरं धोतर, पांढरी टोपी. प्रयोगशाळेत नोझलच्या डाव्या बाजूला, हात-दीड हातावर, त्यांची लोखंडी खुर्ची असे.

प्रयोगशाळेच्या दाराशी आले की नायना चपला काढत. मागापाशी चप्पल घालून जायचं नाही, ही त्यांची जन्माची सवय. समोर पंप आहे, पारदर्शक पेटी आहे, पेटीत नोझल आहे, काहीतरी घुमतंय, म्हणजे तो मागच; त्यामुळे सर तासाला गेले तरी ते जागचे उठत नसत. शहाबादी फरशीवर अनवाणी पाय टेकवून ते दिवसभर बसत. आणि नोझलमधून डिझेलची बारीक धार निघून पुढे तिचे थेंब होऊ लागले की उजव्या हाताचं बोट वर करून म्हणत, "दारम तेगिंदि."

दोरा तुटला, एवढाच त्याचा अर्थ. बापानं आयुष्यभर दोरा तुटू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून पहारा केला, आणि पोरगा दोरा जास्तीत जास्त कसा तुटेल यावर पीएचडी करत होता. असं एक वाक्य मी सरांना ऐकवलंही. सर म्हणाले, "दोन्ही टेक्स्टाईलच आहे की."

नायनांनी बोट वर केलं की सर काय करत, ते मी प्रथम पाहिलं तेव्हा मला त्यांच्याबद्दल असलेल्या शंका पक्क्या झाल्या. ते व्होल्टेज बंद करत. उरलासुरला चार्ज जमिनीत उतरावा म्हणून अर्थिंगची काठी सुईला टेकवत. पंप बंद करत. मग पेटीचं झाकण उघडून, नोझलच्या खाली अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळत. तिथं चोळण्यासारखं काहीही नसे. मग मागे वळून म्हणत, "मुडि वेसिन, नायना." गाठ मारली. नायना मान हलवत, बोट खाली घेत. सर झाकण लावत आणि प्रयोग पहिल्यापासून सुरू करत.

प्रयोगशाळेतला मदतनीस बिरुदेव हा सांगोल्याकडचा. घरी डाळिंबं आहेत, त्यामुळे फवारा या विषयात त्याला स्वतःची मतं होती. तो मला म्हणाला, "सर, एक रीडिंग घ्यायला अख्खा दिस जातुया. म्हातारं बोट वर करतंय आन् सर मशीन बंद करत्यात. आसं कुटं आसतंय व्हय?"

"तू सांग की त्यांना."

"म्या कशाला सांगू. गाठ मारली म्हनलं की म्हातारं लई खुश हुतंय."

एवढं सगळं चालून गेलं असतं. पण फवारा वाकडा पडत होता.

कॉम्प्युटरवर तो सरळ खाली येई, मधोमध, छत्री उघडावी तसा. पेटीत मात्र तो बोटभर डावीकडे झुके. बोटभर म्हणजे आपल्याला काही वाटत नाही, पण पीएचडीत बोटभर म्हणजे पुष्कळ. गणित आणि प्रयोग जुळत नाहीत तोवर प्रबंध पुढे सरकत नाही. इकडे सरांच्या नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झाली होती. आता संस्थेनं पत्र काढलं की या वर्षाअखेर पीएचडी नसेल त्याला पुढच्या वर्षी शिकवायला ठेवणार नाही. बाकीच्यांना ती नोकरीची काळजी होती. सरांची काळजी निराळी होती, हे मला उशिरा कळलं. नोकरी त्यांना चिंचोळी एमआयडीसीत कुठंही मिळाली असती. पण कुठला कारखानदार कामाच्या जागी बापासाठी खुर्ची टाकू देणार?

त्यामुळे ते फवाऱ्याच्या मागे लागले. एमआयडीसीतल्या वर्कशॉपमधून नवं नोझल करून आणलं. फवारा डावीकडे. नोझल फिरवून बसवलं. डावीकडे. टेबल पाणसळ लावून सपाट केलं. डावीकडे. लोखंडी कपाट हलवलं, पेटी बदलली. बिरुदेव म्हणाला, "आमी डाळिंबाला फवारा मारताना आदी वारं बगतो." म्हणून पंखा बंद झाला, खिडक्या बंद झाल्या. महिना एप्रिलचा होता. सोलापुरात एप्रिलमध्ये पंखा बंद करून प्रयोग करणारा माणूस पीएचडीच्या लायकीचा आहे असं माझं मत झालं, पण माझ्या मताला तिथं किंमत नव्हती. नायना घामानं निथळत बसून होते आणि मधूनमधून बोट वर करत होते. शेवटी बिरुदेवानं पेटीपुढे नारळ फोडला. सरांनी खोबऱ्याचा चतकोर खाल्ला आणि पुन्हा फवारा सुरू केला. तो डावीकडे गेला.

मे महिन्यात सरांची बहीण भिवंडीहून आली. तिच्या मुलीचं लग्न होतं. ती नायनांना आठवड्याभरासाठी घेऊन गेली. तिकडे घरात माणसांचा गराडा होता, लक्ष ठेवायला वीस डोळे होते. सर लग्नापुरते जाऊन परत आले, आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून मला फोन आला.

"सरळ आलाय," सर म्हणाले.

"कोण?"

"फवारा. या की बघायला."

मी गेलो. सरळ होता. सरांनी पंप बंद करून पुन्हा लावला. सरळ. कॉम्प्युटरवरचं चित्र आणि पेटीतला फवारा, एकावर एक ठेवावेत असे. त्या आठवड्यात त्यांनी वर्षाची रीडिंग घेतली, कारण कोणी बोट वर करत नव्हतं. त्यांनी पेढे आणले आणि स्वतः एक पेढा सबंध खाल्ला. मी हे मुद्दाम नोंदवतो, कारण मी त्यांना सबंध काही खाताना पहिल्यांदाच पाहिलं.

मग नायना परत आले. चपला काढल्या, खुर्चीवर बसले, पाय फरशीवर टेकवले. सरांनी मला आणि बिरुदेवला समोर उभं केलं होतं, आम्हाला सरळ फवारा दाखवायची त्यांना हौस आली होती. पंप सुरू झाला, व्होल्टेज चढलं, धार आली, थेंब झाले. आणि सगळा फवारा हळूच डावीकडे झुकला.

सरांनी फवाऱ्याकडे पाहिलं आणि खुर्चीकडे पाहिलं. मग त्यांनी नायनांना हाताला धरून दारापर्यंत नेलं आणि बिरुदेवला मशीन बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. फवारा सरळ. परत आणून बसवलं. डावीकडे. नायनांना वाटलं सरांना काही खेळ सुचलाय, ते हसायला लागले.

चार्ज झालेला थेंब जमिनीला जोडलेल्या वस्तूकडे ओढला जातो, एवढं शास्त्र मला नंतर समजावण्यात आलं. लोखंडी खुर्ची, दगडी फरशी, अनवाणी पाय. प्रयोगशाळेतली प्रत्येक वस्तू सरांनी हलवून पाहिली होती. बापाकडे वस्तू म्हणून पाहायचं त्यांना सुचलं नव्हतं, आणि आम्हालाही.

"मग झालंच की," मी म्हणालो. "सुटलं. ती आठवड्याची रीडिंग आहेत ना तुमच्याकडे? तीच द्या."

"रबरी चप्पल घाला त्येंच्या पायात," बिरुदेव म्हणाला, आणि स्वतःचीच काढून नायनांच्या पायात सरकवली. नायनांनी ती काढली, उचलली आणि दाराबाहेर नेऊन ठेवली. परत येऊन बसले आणि मागाला हात लावून तो कपाळाला लावायचा म्हणून पेटीकडे हात पुढे केला. सरांनी धावत जाऊन स्विच बंद केला.

प्राचार्यांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनीही तेच सांगितलं. आठवड्याची रीडिंग द्या, मोकळे व्हा, आणि तसंही प्रयोगशाळेत बाहेरचा माणूस बसवणं नियमात नाही. सर म्हणाले, "बाहेरचा नाही, सर."  मुदतीपर्यंत प्राचार्यांनी डोळेझाक करायची, पुढचं पुढे बघू, असं ठरलं.

मी सरांवर खरंच चिडलो. मुदत जवळ येत चालली होती, जुळलेली रीडिंग हातात होती, आणि हा माणूस ती देत नव्हता. "अडचण काय आहे?" मी विचारलं.

"त्या रीडिंगमध्ये नायना नाहीत."

"नसेनात का. फवाऱ्याचा आणि नायनांचा काय संबंध?"

"आहे की. बोटभर आहे." ते शांतपणे म्हणाले. "इतकी वर्षं घेतलेली रीडिंग खरी आहेत. माझी लॅब अशीच आहे. नायना होते, मी त्यांना गणितात घेतलं नव्हतं. चूक गणिताची आहे. फवारा बरोबर पडत होता."

मग म्हणाले, "आता पूर्ण कलिंगड करावं लागणार. फोड चालणार नाही. तुमच्याकडचे कॉम्प्युटर रिकामे असतात ना?"

माझ्या लँग्वेज लॅबमध्ये एका रांगेत वीस कॉम्प्युटर आहेत. मुलांनी त्यांच्याशी इंग्रजीत बोलावं म्हणून ते घेतले होते. त्यांच्याशी आजवर कोणी काही बोललं नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत सरांनी ते एकमेकांना जोडले आणि फवारा त्यांच्यावर सोडून दिला. सुट्टीभर ते धापा टाकत होते. खोलीला इतकी धग आली की बिरुदेवानं दाराबाहेर पापड वाळत घालायचा विचार बोलून दाखवला. सर मध्ये बसत, शेजारी नायनांची खुर्ची. पडद्यावर नुसते आकडे सरकत होते, त्यामुळे नायनांना तुटलेलं काही दिसत नव्हतं. दोघं मिळून शेंगा सोलून खात. शेवटच्या प्रकरणाचं इंग्रजी तपासायला मागितलं तर सर म्हणाले, "त्यात इंग्रजी कमीच आहे. चित्रंच आहेत." मला वाटलं, हे आता काही जुळत नाही.

मुदत संपायला थोडे दिवस उरले असताना प्रबंध सादर झाला आणि तोंडी परीक्षेची तारीख आली. परीक्षा सगळ्यांसाठी खुली असते, म्हणून आम्ही सगळे गेलो. सरांनी दोन्ही गालांची दाढी केली होती. सेमिनार हॉलमध्ये पहिल्या रांगेत, डाव्या कडेला, नायना बसले होते. चपला त्यांनी हॉलच्या बाहेर काढल्या होत्या. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक बाई होत्या, साठीच्या, बारीक, केस पांढरे. हसण्याचा त्यांना सराव नसावा. त्यांनी प्रबंध सबंध वाचला होता, हे पहिल्या प्रश्नातच कळलं. अशी माणसं फार त्रास देतात.

सरांनी चांगली उत्तरं दिली. मग पडद्यावर शेवटच्या प्रकरणातलं चित्र आलं. मधोमध नोझल, भोवती पेटी, खाली फवारा. पेटीच्या डाव्या बाजूला एक बुटका उभा डबा काढलेला.

"हा सिलिंडर काय आहे?" बाईंनी विचारलं. "तुमच्या उपकरणांच्या यादीत हा नाही."

"नायना आहेत, मॅडम. म्हणजे माझे वडील." सरांनी पहिल्या रांगेकडे हात केला. "हे."

बाईंनी चष्म्यावरून नायनांकडे पाहिलं, मग डब्याकडे पाहिलं. "वडिलांना तुम्ही सिलिंडर धरलंत?"

"बसलेल्या माणसाला तेवढं पुरतं. डोकं वेगळं काढून बघितलं होतं, मॅडम. फरक पडत नाही."

मागच्या रांगेत कोणीतरी खाकरलं. बाईंचा चेहरा हलला नाही. "व्होल्टेज काय दिलंत यांना?"

"शून्य. ते अनवाणी बसतात."

"प्रयोगाच्या वेळी यांना बाहेर बसवता आलं नसतं?"

"आलं असतं, मॅडम."

"मग?"

"मग ते मिलकडं गेले असते." सर म्हणाले. "मिल बंद आहे."

बाईंनी एक पान उलटलं. त्या चिवट होत्या. "ठीक आहे. ते तिथेच बसणार, ही तुमची बाऊंड्री कंडिशन. पण मग उजव्या बाजूला अशीच एक खुर्ची ठेवून, तेवढाच पत्र्याचा डबा ठेवायचा. दोन्हीकडून ओढ सारखी झाली असती. फवारा सरळ पडला असता, सिमेट्री मिळाली असती आणि तुमचं निम्मं गणित वाचलं असतं. हे सुचलं नाही?"

मी सरांकडे पाहिलं. ज्या माणसानं अर्धी दाढी सिमेट्रीवर सोडून दिली होती, त्याला हे सुचलं नसेल हे मला पटत नव्हतं.

"सुचलं होतं," सर म्हणाले. "बिरुदेव डबा घेऊन पण आला होता. पण मॅडम, आमच्याकडं दुसऱ्या बाजूला कोणी नाही. आई होती तेव्हाची गोष्ट वेगळी. आता एकच माणूस आहे आणि ते या बाजूला बसतं. रिकामं आहे ते रिकामंच दाखवलं."

 मला गलबलून आलं. कम्युनिकेशन शिकवणाऱ्या माणसानं अशा वेळी डोळे पुसायचे असतात की नाही हे अभ्यासक्रमात नाही, म्हणून मी ते पुसले. बिरुदेव दाराशी उभा होता, तो छताकडे बघत होता.

पीएचडी सरांना मिळाली, हे इथंच सांगून टाकतो. नायनांच्या खुर्चीचं प्राचार्यांनी नंतर कधी नाव काढलं नाही. पण त्या दिवशीचं अजून थोडं राहिलं आहे.

बाई म्हणाल्या, "चालवून दाखवा." सरांनी बटण दाबलं. पडद्यावर नोझलमधून धार सुटली, चांगली हातभर मोठी, प्रयोगशाळेतल्यापेक्षा कितीतरी मोठी. थोडं पुढे जाऊन ती थरथरली आणि तिचे थेंब झाले. पहिल्या रांगेत, डाव्या कडेला, एक बोट वर गेलं.

"दारम तेगिंदि."

प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. सरांनी बाईंकडे पाहिलंही नाही. त्यांनी चित्र थांबवलं, व्यासपीठावरून खाली उतरले, पडद्यापाशी गेले. धार जिथं तुटली होती तिथं, पडद्यावर, अंगठा आणि तर्जनी टेकवून त्यांनी चोळली. नीट, सावकाश, नेहमी चोळत तितकाच वेळ. त्यांच्या शर्टावर डिझेलचे थेंब पडले होते, प्रकाशाचे.

"मुडि वेसिन, नायना."

नायनांनी मान हलवली आणि बोट खाली घेतलं. "दोरा तुटला होता, मॅडम," सर वळून म्हणाले, "गाठ मारली."

बाईंनी पेनचं टोपण लावलं. "गाठ बसली का?" त्यांनी नायनांना विचारलं. नायनांना मराठी कळलं नाही, पण ते हसले.

"बसली, मॅडम," सर म्हणाले.

"मग चालू करा. पहिल्यापासून."

सर व्यासपीठावर परत गेले आणि त्यांनी बटण दाबलं. धार सुटली, तिचे थेंब झाले, आणि फवारा आमच्या सगळ्यांच्या देखत डावीकडे, नायना बसले होते तिकडे, बोटभर झुकला.